कोमट श्रद्धा व सामुदायिक प्रार्थना

"मनांत भक्ति असली म्हणजे पुरे, चारचौघांत प्रार्थना कशाला?" असें म्हणणारे पालक शीवमध्येंहि थोडे नाहींत. प्रकटीकरणाच्या ग्रंथांत लावदिकीयाच्या मंडळीस दोष दिला आहे तो कोमटपणाबद्दल. आणि कोमट झालेल्यास आपला कोमटपणा कळतच नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां गिरगांव, माझगांव येथील ख्रिस्ती वस्त्यांत क्रूस उभारले गेले व शेजारी त्यांभोवतीं जपमाळ म्हणूं लागले. भीतीनें जमले, हें खरें; पण भीति ओसरल्यावरहि कित्येक ठिकाणीं ही चाल राहिली. जपमाळेची रचनाच अशी आहे कीं, 'नमो मरिये'चा पूर्वार्ध एकानें म्हणावा व उत्तरार्ध इतरांनीं. ज्याच्या ओठीं त्या दिवशीं शब्द येत नाहीं, त्यास शेजाऱ्याचा शब्द सांवरून धरतो. जो आला नाहीं, त्याची उणीव सर्वांस जाणवते. एकांतांत ही विचारपूस कोण करणार?

माहीमच्या सेंट मायकल देवळांत १९४८ पासून दर बुधवारीं नोव्हेनेस मोठी गर्दी लोटते. मला मात्र घरांतल्या पांच माणसांची प्रार्थना अधिक कठीण वाटते. तेथें गर्दीत लपतां येत नाहीं. मुलांनो, आज रात्रीं जपमाळ तुम्हींच बाहेर काढा. वडील वर्तमानपत्र खालीं ठेवतात कीं नाहीं, तें पाहूं.