तो तास कुणाचा?

कोरोनाच्या साथीत वर्ग ऑनलाइन भरत असताना, जानेवारी २०२१ मध्ये तामिळनाडू सरकारने साडेनऊ लाखांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एप्रिलपर्यंत रोज २ जीबी डेटा फुकट देण्याचे जाहीर केले. पाऊल चांगलेच होते. पण डेटा सरकार देईल, अभ्यासाचा तास कोण देणार?

तिथल्याच तंजावरचे पाहा: हा कावेरीकाठचा भातशेतीचा जिल्हा. मेट्टूर धरणाचे पाणी सहसा जूनमध्ये सुटते आणि कुरुवै या भाताच्या हंगामाची धांदल उडते. लावणी मुख्यतः बायकांच्या हातची. आई चिखलात उतरली की चूल, धाकटी भावंडे, म्हातारी माणसे हे सारे कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर येते. ती वर्गात गेली असती तर कुणी हाक मारली नसती. घरात बसून शिकते म्हटल्यावर ती रिकामीच आहे, असे धरले जाते. कानात लेक्चर चालू, हात भांड्यांत. हजेरी मात्र लागलेली असते. भावाला सहसा असे कुणी उठवत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे.

आईवडिलांचा पाठिंबा म्हणजे फी भरणे आणि फोन घेऊन देणे, एवढाच अर्थ आपण लावत आलो. काही घरांत त्यात पहारा येतो. वीस वर्षांच्या मुलाच्या स्क्रीनवर दर दहा मिनिटांनी वडील डोकावू लागले, की मुलगा शिकण्यापेक्षा शिकताना दिसण्याच्या खटपटीला लागतो. खरा पाठिंबा याहून साधा आणि अवघड आहे: तो तास मुलाचा मानायचा, आणि संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ एवढे आस्थेने विचारायचे. त्याला इंग्रजी यावे लागत नाही. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी पदवीला बसले आहे, तिथल्या अंगठेबहाद्दर आईलाही हे साधते.

याच तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांना लहानपणी घरातून असा पाठिंबा मिळाला नव्हता. दत्तक वडील तुळजाराजांच्या मृत्यूनंतर गादीवर आलेल्या अमरसिंहाच्या कारभारात या मुलाच्या शिक्षणाची आबाळ झाली; तुळजाराजांनी ज्याच्या हाती त्यांना सोपवले होते, त्या श्वार्ट्झ पाद्र्याच्या खटपटीने १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलवावे लागले. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांनी वैभवाला नेले, त्यांनाही शिकण्यासाठी घर सोडावे लागले.

आणि घरून शिकणे ही साथीच्या काळापुरती गोष्ट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून शिकायला मुभा दिली आहे. म्हणजे घर हाच वर्गाचा मोठा भाग होणार. तंजावरच्या विद्यापीठांनी, आणि आपल्याकडच्या पुण्या-नांदेडच्याही, प्रवेशाच्या दिवशी पालकांकडून नुसत्या सह्या घेऊ नयेत. ऑनलाइन तासांचे वेळापत्रक त्यांच्या भाषेत छापून हातात द्यावे, मुलीच्या आईला ते वाचून दाखवावे, आणि लावणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित व्याख्याने रात्री ऐकण्याची सोय ठेवावी.