‘घरचीच गाडी’ घेताना भीड कशाची?

मोटारींवरील वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आणि दिवाळीच्या तोंडावर नव्या गाड्यांच्या दालनांत गर्दी झाली. चार मीटरपेक्षा लांब आणि १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हीवर पूर्वी २८ टक्के कर व २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के भार पडत असे. तो ४० टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतील आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवरील भार ३१ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. या निर्णयाची चर्चा नव्या गाड्यांच्या संदर्भात भरपूर झाली. परंतु ज्या कुटुंबांना नवी एसयूव्ही तरीही परवडत नाही आणि जी ओळखीतल्या कोणाची तरी वापरलेली गाडी घेण्याचा विचार करीत आहेत, त्यांच्या व्यवहाराचे गणितही या निर्णयाने बदलले आहे. ते फारसे कोणी मांडले नाही.

गोंदियासारख्या शहरात हा प्रश्न किरकोळ नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतले रस्ते जंगलातून जातात. मोठ्या इस्पितळासाठी नागपूर गाठावे लागते. लग्नसराईत घरातली सात माणसे एकाच वेळी निघतात. उंच बांधणीची, सात आसनी गाडी येथे हौसेपेक्षा गरजेची अधिक असते. अशी गाडी वर्तमानपत्रातील जाहिरातीपेक्षा राइस मिलच्या आवारात, शाळेच्या शिक्षककक्षात किंवा सोयऱ्यांच्या बैठकीत विकली जाते. “घेऊन टाका भाऊ, घरचीच गाडी आहे,” एवढे वाक्य पुरते. प्रश्न असा, की या वाक्याची किंमत नेमकी किती धरावी?

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या ज्या निबंधाचा पुढे, २००१ मध्ये, त्यांना नोबेल मिळताना गौरव झाला, त्याचा विषयच जुन्या मोटारींचा बाजार हा होता. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना कमी भाव देतो, चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून मागे सरतात आणि सदोष गाड्याच उरतात. या कोंडीवरचा उपाय म्हणून आपण परिचयाकडे पाहतो. ओळखीचा माणूस फसवणार नाही आणि गाडी कशी वापरली गेली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे, असा हा हिशेब. शिवाय एका खासगी व्यक्तीने दुसरीला गाडी विकली तर त्यावर जीएसटी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने निश्चित केलेला १८ टक्के दर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे. म्हणजे मध्यस्थाचा नफा आणि त्यावरचा कर, दोन्ही वाचतात.

हा हिशेब चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. परिचयामुळे माहिती मिळण्याची सोय होते, पण ती मागण्याची हिंमत मात्र जाते. अनोळखी व्यापाऱ्याच्या गाडीखाली आपण मेकॅनिकला झोपवतो. मित्राच्या गाडीचे बॉनेट उघडायलाही संकोचतो. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हटले जात नाही.

कायद्याने या भिडेचा विचार मोटारी येण्याच्याही आधी केला होता, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या असून तिच्याखाली घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिलेली आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही विकणारा लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्या नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणाऱ्याने “तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो,” असे बजावले व विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. घोड्याच्या जागी एसयूव्ही ठेवली की आजचा व्यवहार समोर उभा राहतो.

मित्र, सहकारी किंवा दूरचा सोयरा म्हणजे बाप-लेकीचे नाते नव्हे. केवळ ओळखीमुळे दोष सांगण्याचे बंधन त्याच्यावर येते, असे सहसा म्हणता येणार नाही. मालविक्री कायदा १९३० मधील गुणवत्तेची गृहीत हमीही प्रामुख्याने तो माल विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याला लागू होते. स्वतःची गाडी एकदा विकणाऱ्याला नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजाही अशा खासगी विक्रीत सहसा उघडत नाही. राहते ते तिसरे उदाहरण: स्पष्ट प्रश्न. गाडीचा मोठा अपघात झाला आहे का, ती पाण्यात बुडाली होती का, इंजिन उघडले आहे का, किलोमीटरचा आकडा खरा आहे का, हे चार प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लेखी विचारले आणि उत्तर घेतले, तर घेणाऱ्याची बाजू पूर्णपणे पालटते. खोट्या उत्तराला मग फसवणूक म्हणता येते. मात्र मौनाच्या बाबतीत याच कायद्याचे एकोणिसावे कलम एक अपवादही सांगते. साधारण दक्षतेने सत्य कळू शकत होते आणि तरी घेणाऱ्याने ते पाहिले नाही, तर करार रद्द करण्याचा हक्क त्याला मिळत नाही. म्हणजे प्रश्नही विचारले पाहिजेत आणि तपासणीही केली पाहिजे.

तपासणीची सुरुवात कागदांपासून करावी, कारण कागद पाहण्यात कोणाचा अपमान होत नाही. विम्याच्या पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ छापलेला असतो. एक वर्ष दावा न केल्यास २० टक्के आणि पुढे वाढत पाच वर्षांनी ५० टक्के, असा त्याचा क्रम आहे. सहा वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य दिसला, तर अलीकडेच दावा झाला असण्याची शक्यता मोठी. तो कशासाठी होता, हे विचारणे ओघानेच येते. अधिकृत सेवा केंद्रातील नोंदींत प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर असतात. ते ओळीने वाचले की मीटर मागे फिरवला आहे का, हे कळते. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्जफेडीचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थकीत ई-चलनही ऑनलाइन पाहता येते.

नंतर गाडी पाहावी, आणि ती दोघांपैकी कोणाच्याही ओळखीत नसलेल्या मेकॅनिककडून. पूर्व विदर्भात पाण्याचा प्रश्न आवर्जून तपासण्याजोगा आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर आणि २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडल्याने नागपुरात शिरलेले पाणी, या दोन्ही वेळी वाहनांचेही नुकसान झाले. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला असता दिसणारी चिखलाची रेषा, जादा चाकाच्या खोबणीत साचलेला गाळ, आसनाखालच्या रुळांवरील गंज ही बुडालेल्या गाडीची लक्षणे पॉलिशने झाकली जात नाहीत. दुसरी बाब नव्या डिझेल गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि धुरातील काजळी अडवणारी जाळी अशा गाड्यांत सर्रास आली. ती स्वच्छ होण्यासाठी अधूनमधून लांब पल्ल्याची, सलग धाव लागते. गाडी फक्त गावातल्या गावात, शाळा आणि बाजार एवढीच फिरली असेल, तर ‘कमी चाललेली’ हे तिचे वैशिष्ट्य न राहता दोष ठरू शकतो.

भावाचा प्रश्न सर्वांत नाजूक. विकणारा स्वतः मोजलेल्या रकमेपासून हिशेब सुरू करतो. घेणाऱ्याने आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासून सुरू करावा. करापूर्वी १० लाख रुपये किमतीची मोठी एसयूव्ही जुन्या दराने १५ लाखांची होती, आता ती १४ लाखांची होते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीची विम्यातील किंमत ठरवताना ३० टक्के घसारा धरतात, आणि तोही कंपनीच्या चालू किमतीवर. त्या हिशेबाने मित्राची ‘साडेदहा लाख’ ही मागणी प्रत्यक्षात ९ लाख ८० हजारांवर येते. छोट्या डिझेल गाडीत करापूर्वीची किंमत तेवढीच धरली, तर हा फरक ९१ हजारांचा होतो. विम्याची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, हे खरे. परंतु दोन परिचितांमध्ये वाद न होता मान्य होईल असा तिसऱ्याचा आकडा म्हणून तिचा उपयोग मोठा आहे.

रक्कम बँकेमार्फतच द्यावी. धानाच्या व्यापारात रोखीची सवय जुनी असली, तरी एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्या मित्रावर बसू शकतो.

खरी कसोटी किल्ली हातात आल्यानंतर लागते. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या, फोटो काढला, पेढे वाटले आणि कागद कपाटात राहिले, असे असंख्य व्यवहारांत घडते. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. ते राहिले तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात दिसते. २००७ मध्ये विकलेली एक गाडी नोंदणी न बदलता हातोहात फिरत राहिली आणि २००९ मध्ये तिच्या अपघातात जीव गेला. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, असे सांगून न्यायालयाने भरपाईची जबाबदारी पहिल्या मालकावर ठेवली. विम्याचेही तसेच. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप जाते; स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज हवा. विकणाऱ्याचा बोनसही त्याच्याकडेच राहतो, तेव्हा पुढचा हप्ता वाढणार हे गृहीत धरावे. फास्टॅगही त्याचा बंद करून आपला नवा घ्यावा.

एमएच-३५ च्या रांगेत बालाघाटची एमपी-५० किंवा राजनांदगावची सीजी-०८ गाडी उभी असणे गोंदियात नित्याचे आहे. सीमेपलीकडच्या सोयऱ्याची गाडी स्वस्त वाटते, पण मूळ परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक हा खर्च व हेलपाटे भावातून वजा केल्यावरच ती स्वस्त आहे की नाही, हे ठरते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, हेही पाहावे. ती नसलेल्या गाड्यांची हस्तांतरणासारखी कामे रोखण्याची भूमिका राज्याच्या परिवहन विभागाने घेतलेली आहे. गाडीचे वय बारा-तेरा वर्षे असेल, तर पंधराव्या वर्षीची तपासणी, नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर हे सर्व नव्या मालकाच्याच वाट्याला येते.

मग ओळखीच्या माणसाची गाडी घ्यावी की घेऊ नये? घ्यावी, जर तो माणूस प्रश्नांना मोकळेपणाने सामोरा जात असेल. जो पॉलिसी दाखवतो, मेकॅनिकला बोलवा म्हणतो आणि परिवहन कार्यालयात स्वतः येतो, त्याची गाडी कोणत्याही दालनातील जुन्या गाडीपेक्षा भरवशाची आहे. “माझ्यावर विश्वास नाही का?” असा उलट प्रश्न करणाऱ्याची मात्र नम्रपणे नाकारावी, गाडी जाईल, पण संबंध राहील. भिडेपोटी घेतलेल्या गाडीचे इंजिन सहा महिन्यांत बसले, तर दोन्हीही जातात. आणि कागद पूर्ण करण्याचा आग्रह हा अविश्वास नव्हे, हेही समजून घ्यायला हवे. उद्या देवरीच्या महामार्गावर काही अघटित घडले, तर पहिली नोटीस ज्याच्या दारात जाईल तो आपला मित्रच असेल. त्याला त्यातून वाचवणे हा मैत्रीचाच भाग आहे.