‘अजून दोन क्विंटल टाक’



भावाबद्दल, कटतीबद्दल आपण दर बैठकीला बोलतो. आज गाडीबद्दल बोलायचे आहे. प्रतापनगरात आम्ही जिथे बैठकीचे कागद तयार करतो, तिथून रिंग रोड जवळच आहे. दिवाळी उलटली की त्या रस्त्याने कधी कापसाचे, कधी कडब्याचे पिकअप जाताना दिसतात. दोन्ही बाजूंनी हातहातभर माल बाहेर, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोघेतिघे बसलेले, मागचा नंबर दिसेनासा झालेला. पाहणाऱ्याला वाटावे, वा, विदर्भाची सुबत्ता निघाली! आम्हाला मात्र त्या गाडीचे मागचे टायर दिसतात.

दिसतात, कारण एकदा आम्हीच वर उभे होतो. चार वर्षांमागची गोष्ट. तीन घरांचा कापूस एकाच पिकअपमध्ये न्यायचा होता आणि भाडे खेपेवर ठरले होते. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा. तो दोनदा म्हणाला, ‘भाऊ, आता बस.’ आम्ही शेतकीचे पदवीधर, वर कापूस तुडवत होतो, आणि आम्हीच म्हणालो, ‘अजून दोन क्विंटल टाक. कापूसच तर आहे, लोखंड थोडंच?’ सहा किलोमीटरवर, उतारावर, मागचे टायर फुटले. गाडी नाल्याच्या कठड्याला टेकून थांबली. पोराचा हात मोडला, ऐन हंगामातले दोन महिने घरी बसला. सगळे म्हणाले, टायर जुने होते. होतेच. पण टायर कसे आहेत ते पाहून माल भरायचा असतो, हे त्या दिवशी आम्ही बोललो नाही.

‘कापूसच तर आहे’ या बोलण्यातच गफलत आहे. कापूस हलका नसतो, फुगलेला असतो. त्यात साधारण एक हिस्सा रुई आणि दोन हिस्से सरकी. 15 क्विंटल कापूस भरला म्हणजे दहाएक क्विंटल सरकीच भरली. सरकीचे पोते उचलून पाहा आणि मग हलके म्हणा. वर ओलावा आहेच. 12 टक्के ओलाव्याचा 15 क्विंटल कापूस 8 टक्क्यांपर्यंत वाळवला तर सुमारे 65 किलो पाणी उडते. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांवर कटती लागते आणि 12 टक्क्यांवर माल घेत नाहीत. म्हणजे ते पाणी आपण भाडे देऊन नेतो आणि वर कटतीही सोसतो. घरी दोन उन्हे दिली तर टायरचाही भार कमी होईल.

गाडी किती पेलते हे गाडीवाल्याच्या तोंडावर नाही, आर.सी. बुकात लिहिलेले असते. तिथे दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. दुसऱ्यातून पहिले वजा करा. समजा 3150 मधून 1700 गेले, राहिले 1450 किलो. त्यातून ड्रायव्हर, शेजारचे दोघे, ताडपत्री, दोर आणि स्टेपनीशेजारी ठेवलेले सामान काढा. उरला तो माल, बारा क्विंटलच्या आसपास. 2005 मध्ये टाटा एस आला, ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो, त्याची ताकद पाऊण टनाची. बोलेरो पिकअप मॉडेलप्रमाणे 1300 किलोपासून 2000 किलोपर्यंत नेतो. नाव एकच असले तरी मर्यादा वेगळी, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा हिशेब करू नये.

लोक म्हणतात, इंजिन ओढते ना? ओढते. प्रश्न ओढण्याचा नाही, थांबण्याचा आहे. भरलेली बंडी उताराला लागली की बैलांच्या अंगावर येते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. गाडीचेही तेच. भार मागे पडला की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही, ब्रेक तापतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे तर विचारू नका. कित्येक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, आणि आपण एकामागे दोन जोडतो. वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते तेव्हा ड्रायव्हरच्या हातात देवाचे नाव तेवढे राहते. कडब्याची तऱ्हा निराळी. वजन कमी, पण उंची इतकी की वळणावर गाडी कलंडते, नाहीतर विजेच्या तारेला भिडून पेटते.

आता कायदा. 2019 च्या दुरुस्तीआधी जादा भाराला किमान 2,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 1,000 रुपये दंड होता. 1 सप्टेंबर 2019 पासून कायद्यातला आकडा 20,000 रुपये आणि जादा टनामागे 2,000 रुपये झाला. माल बाजूने किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तरी 20,000. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, आणि उतरवण्याचा खर्च आपला. 2025-26 च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे 8,110 रुपयांनी, हा दंड अडीच क्विंटल कापसाचा झाला. (एक दिलासा: साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर 7500 किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केले.)

आमचे भांडण मर्यादेशी नाही. ती मर्यादा आमच्याच पोरांचे हातपाय वाचवते. भांडण या दंडाशी आहे. चाळीस टनी ट्रकलाही मुळात 20,000 आणि दीड टनाच्या पिकअपलाही 20,000, हा कोणता हिशेब? दंड गाडीच्या वजनाच्या प्रमाणात हवा. आणि वजन करायचे तर काटा कुठे आहे? काटा जिनिंगच्या दारात, म्हणजे रस्ता संपल्यावर. गावातून निघतानाच वजन कळले तर कोण मुद्दाम जादा भरेल? मोठ्या गावांत ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने काटा बसवावा, ही मागणी आम्ही या बैठकीत मांडतो आहोत.

अर्धे काम मात्र आपल्या हातात आहे. भाडे खेपेवर ठरवतो तोवर आपणच ‘अजून दोन क्विंटल’ म्हणत राहणार. भाडे क्विंटलवर ठरवा. दोन खेपांचे चार पैसे जास्त पडतील, ते तिघांत वाटून घ्या.

बैठकीला येताना गावातल्या गाडीवाल्या पोरांनाही आणा, आणि त्यांच्या आर.सी. बुकाची झेरॉक्स. प्रत्येक गाडीचा आकडा तिथेच काढून दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून देऊ.