थकलेल्या आईची विश्रांती हा चळवळीचाच प्रश्न

मागच्या वर्षावासातली गोष्ट. बोईसरच्या एका वस्तीतल्या बुद्धविहारात रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालू होते. भिंतीला टेकून बसलेल्या एका भगिनीला डुलकी लागली. एका कार्यकर्त्याने तिला सर्वांसमक्ष सुनावले, “ताई, झोपायचेच असेल तर घरी थांबत जा.” ती ओशाळली, पदर सावरून बसली. आम्हीही तेथेच होतो आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

ही भगिनी तारापूर एमआयडीसीत कंत्राटदाराकडे पॅकिंगचे काम करते. पहाटे साडेचारला उठून पाणी भरायचे, मुलांचे डबे करायचे, मग रिक्षा पकडायची. दिवसभर उभ्याने काम आणि घरी आल्यावर पुन्हा चूल व धुणीभांडी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मग ही डुलकी आळसाची कशी?

अशा बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे सांगणे सोपे आहे. पण वेळ काढायचा कुठून? तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो.

आपल्या व्यासपीठांवरून माता रमाईंच्या त्यागाचा गौरव होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु रमाईंनी चार लेकरे गमावली, दारिद्र्य सोसले आणि २७ मे १९३५ रोजी चाळिशीही न गाठता त्या गेल्या. हे दुःख होते. ते प्रत्येक आईने पुन्हा भोगावे असा त्याचा अर्थ आम्ही लावत असू, तर आम्ही रमाईंनाही समजलो नाही. स्वतः तथागतांनी शरीर झिजवण्याचा मार्ग सोडला आणि सुजाताचे अन्न स्वीकारले. उपाशी, थकलेल्या देहाने सत्य सापडत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले. मध्यम मार्ग आईलाही लागू आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात मांडला. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू घेऊन त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. पुढे १९६१ चा कायदा आला, २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या आणि ५० कामगार असतील तेथे पाळणाघर, हेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात रोजंदारीवरील स्त्रियांचा प्रसूती रजेचा हक्क मान्य केला. तरीही वकिली करताना आम्ही पाहतो, स्त्रिया नवऱ्याच्या, मुलाच्या कामासाठी कागद घेऊन येतात. स्वतःच्या रजेचा कागद क्वचितच आणतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे महिला मंडळांनी घरोघरी सांगावे.

पण कायदा घरात येऊन भांडी घासणार नाही. म्हणून थोडक्यात करता येईल एवढेच सांगतो. पाणी भरणे आणि डबा धुणे उद्यापासून पुरुषांनी व मोठ्या मुलांनी घ्यावे. आईने सर्वांसोबत गरम गरम जेवावे, उरलेसुरले नव्हे. रोज अर्धा तास तिला कुणी हाक मारू नये; त्यात तिने आनापान करावे किंवा सरळ आडवे व्हावे. दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. विहारातले कार्यक्रम रात्री नऊच्या आत संपवावेत, आणि चहाची भांडी कार्यकर्त्यांनी धुवावीत. यात खर्च एक रुपयाचाही नाही, मोडावी लागते ती फक्त सवय.

आणि पुढच्या वर्षावासात कुणा भगिनीचा डोळा लागलाच, तर तिच्या डोक्याखाली उशी द्या. ग्रंथाचा त्यात काहीही अवमान होत नाही.

जय भीम!