पोरांना रेल्वे शिकवा

परवा मेसमध्ये एका कोर्समेटशी वाद झाला. त्याचं म्हणणं, "अरे, मुलांना रेल्वेत शिकवण्यासारखं असतं काय? बसायचं, खायचं, झोपायचं, उतरायचं. आणि आपण असतोच की बरोबर!"

मीही बरोबरच होतो. 2018 साली पठाणकोटला पोस्टिंग झालं, पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी इटारसीला मी पाण्याची बाटली आणायला उतरलो. बायको वरच्या बर्थवर झोपलेली. सात वर्षांची लेक माझ्या मागोमाग कधी उतरली, कळलंच नाही. परत आलो तर बर्थ रिकामा. सापडली तीन डबे मागे, एका चहावाल्याजवळ रडत. तो बिचारा विचारत होता, "बेटा, डिब्बा कौन सा?" तिला डबा माहीत नव्हता, बर्थ माहीत नव्हता, माझा मोबाइल नंबर पाठ नव्हता. गाडीचं नावसुद्धा नाही. सूर्यमालेतले आठ ग्रह मात्र क्रमाने यायचे! तिला उचलून दिसेल त्या डब्यात चढलो आणि गाडी हलली.

चूक तिची नव्हती. मिलिटरी स्पेशलमध्ये ओसी ट्रेन म्हणून मी जवान नेले आहेत. परवानगीशिवाय कुणी फलाटावर उतरायचं नाही, गाडी हलण्याआधी मोजदाद. स्वतःच्या पोरीला मात्र कसलीच ऑर्डर दिली नव्हती. आपण पोरांना सामानासारखं नेतो. फरक एवढाच, की सामानाला साखळी-कुलूप लावतो आणि पोराच्या हातात मोबाइल देतो.

म्हणून "आपण असतोच" हे मला पटत नाही. एवढ्या लहान मुलाला एकटं पाठवतो कोण? फलाटावर ते चुकतं, ते आपण बरोबर असतानाच.

आणि हे शिकवणं अवघड नाही हो. तिकीट त्यांच्या हातात द्या. गाडीचं नाव, डबा आणि तुमचा नंबर पाठ करून घ्या. स्लीपर किंवा थ्री टायरचा बर्थ तर आठच्या पाढ्यात बसतो: 8, 16, 24 साइड अप्पर, त्यांच्या आधीचे 7, 15, 23 साइड लोअर. 29 म्हणजे? 24 वजा केले, उरले 5, म्हणजे मिडल. तिसरीतलं पोर हे दहा मिनिटांत शिकतं आणि मग सगळ्या डब्याला सांगत सुटतं. (तेवढं सोसा.)

खरी ऑर्डर पुढची. गाडी सुटली आणि आपण खाली राहिलो, तर मागे पळायचं नाही. आई दारात उभी राहून हाका मारत असली तरी नाही. जिथे आहोत तिथेच थांबायचं, वर्दीतल्या पोलिसाला गाठायचं. रेल्वेची मदत 139, मुलांसाठी 1098. कोर्समेट म्हणाला, "पोरं घाबरतील." फायर ड्रिलने कुठलं युनिट घाबरलंय?

धाकटा आता सहाचा आहे, त्याला त्याची ताईच शिकवते. काल त्याने विचारलं, "आणि बाबाच खाली राहिले तर?" हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपण आपल्या बर्थवर बसून राहायचं आणि टीसी काकांना सांगायचं. बाबा येतील मागच्या गाडीने."