सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी नव्हे

धंद्यात चार पैसे साठले की आपला कारागीर गाळा किंवा प्लॉट घेतो. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव दिसले, नोटरीपुढे मुखत्यारपत्र झाले, की सौदा पक्का समजतो. पण फेरफार नोंद महसुलापुरती असते, तिने मालकी मिळत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रानेही नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागते, हे सुप्रीम कोर्टाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

आपल्यातला दोष वेगळाच. वडिलांच्या पश्चात भाऊ वारसनोंदीत बहिणींची नावे दडवतात आणि सगळी जागा विकतात. शरीयतने दिलेला हिस्सा असा बुडत नाही. भाऊ फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतो. बहीण कोर्टात गेली की घेणारा अडकतो.

म्हणून इसार देण्यापूर्वी वकिलाकडून शोध घ्या, सर्व वारसांच्या सह्या घ्या. बहिणीचा हक्क मारून घेतलेल्या गाळ्यात बरकत कुठून येणार?