पत्र्याखालची रोल्स

नगरला (आता अहिल्यानगर) जायचे, किल्ला पाहायचा नि परतायचे, असा आपला रिवाज. पण वाचकहो, लष्कराने १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय चुकवू नका. मुले पॅटन रणगाड्यापाशी घुटमळतात. घुटमळोत बापडी! आम्ही मात्र उभे राहतो ते रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीसमोर.

हिचा सांगाडा ‘सिल्व्हर घोस्ट’चा. डर्बीच्या कारखान्यात तो घडवला गेला तो लॉर्ड आणि महाराजे यांच्या पोटातले पाणी हलू नये म्हणून! १९१४ साली महायुद्ध पेटले आणि त्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे नि मशीनगनचा घुमट चढला. वजन चार टनांवर गेले. स्प्रिंगा जरा भक्कम केल्या, मागे जोडचाके बसवली, झाले! सहा सिलिंडरांचे इंजिन तेच. अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्सने याच गाड्या पिटाळल्या.

आणि ती घडवणारा हेन्री रॉइस कोण? पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. लहानपणी वर्तमानपत्रे विकलेला. शाळा नावाला. काम हातात घेतले की मात्र ‘चालेल’ हा शब्द त्याला ठाऊक नव्हता.

आता असल्या मोटारी हिंदुस्थानात आल्या त्या काही आमच्या सोयीसाठी नव्हे. सरहद्दीवर धाक बसवायला आल्या. त्याच सरकारने १९४२ साली पंडित नेहरूंना या गावच्या किल्ल्यात कोंडले. त्या सरकारबद्दल आम्हांला तिळभरही माया नाही. पण पत्र्याआड कुणाला कधी दिसणार नाही असा बोल्टसुद्धा ज्याने नीट घासूनपुसून बसवला, त्या डर्बीच्या कामगारावर रुसायचे तरी कसे?